वाढत्या मापाचं कार्ड

चिठ्ठी आकांक्षाने स्वतः लिहिली होती. ‘ग्राफिक्स कार्ड. आठ जीबी. लांबी चोवीस सेंटीमीटरच्या आत. कल्पेशकाकाने टेप लावून मोजलंय. मोठं आणू नकोस.’ शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ.

ऋतिकाने चिठ्ठी दोनदा वाचली, पण मजकूर तिच्या डोक्यात शिरलाच नाही. नजर अक्षरांवर होती. पहिली ओळ सरळ, दुसरी जराशी कललेली, आणि तिसरीपासून शब्द उतारावरून घसरत पानाच्या कडेला जाऊन पडलेले. गणपतीच्या आधी तिच्या याच लेकीने आरतीचा कागद लिहून दिला होता. तो अजून देवाच्या फोटोमागे खोचलेला होता. ऋतिकाने तो काढून शेजारी धरून पाहिला नाही. गरजच नव्हती.

बघत राहणं हा तिचा आता धंदाच झाला होता. कंगवा मानेमागे पोचतो का, पेला एका हाताने उचलला की दोन्ही, घास तोंडाशी जाताना वाटेत कितीदा थांबतो. आकांक्षा अकरा वर्षांची. आजार स्नायूंचा. पाय दोन वर्षांपूर्वीच गेले. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. व्हीलचेअर गॅलरीच्या टोकापर्यंत जायची आणि जिन्याशी संपायची. पुढे धनेशने, तिच्या बापाने, उचलून न्यायचं. पायांचं रडून झालं होतं. आता गाठ हातांशी होती. परळच्या हॉस्पिटलात गेल्या खेपेला फिजिओथेरपीच्या बाईंनी आकांक्षाच्या मुठीत रबरी चेंडू दिला, “दाब बघू” म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

“थोडं कमी वाटतंय. तीन महिन्यांनी परत बघू.”

“दमलीय ती,” ऋतिका घाईघाईने म्हणाली. “टॅक्सीत फार उकडत होतं.”

बाईंनी चेंडू कपाटात ठेवला.

आणि त्याच सुमाराला घरचा कॉम्प्युटर अडकायला लागला.

कॉम्प्युटर कल्पेशने जोडून दिलेला. कल्पेश म्हणजे धनेशचा चुलतभाऊ, वरळीला राहणारा. त्याच्या ऑफिसात मोडीत निघालेले भाग गोळा करून त्याने पुतणीसाठी तो उभा केला होता. आकांक्षा त्यावर एकच गेम खेळायची, विटा रचून घरं बांधायचा. तिने चाळ बांधायला घेतली होती. हीच, यांचीच. नळ, गॅलरी, कठडे, खालचा पिंपळ, सगळं जिथल्या तिथे. फरक इतकाच की जिना नव्हता. जिन्याच्या जागी लांबलचक उतार, चारी बाजूंनी वळत वर चढणारा. तळमजला झाला, पहिला झाला. दुसऱ्या मजल्यापाशी चित्र थरथरायला लागलं.

“मम्मी, बघ. मी क्लिक करते. आता वीट कधी लागते ते बघ.”

ऋतिका बघायची. वीट लागायला खरंच वेळ लागायचा. चित्र थिजायचं आणि मग एकदम दोन विटा धपकन पडायच्या.

“कॉम्प्युटर म्हातारा झालाय.”

“तर काय!” ऋतिका म्हणायची, आणि छातीवरचा धोंडा तेवढ्यापुरता हलायचा. हात नाही, कॉम्प्युटर. या एका गोष्टीवर तिने अडीच महिने काढले होते. नवं कार्ड येईल, चित्र पळायला लागेल, त्याबरोबर पोरीचा हातही पळेल, आणि त्या चेंडूवाल्या बाई खोट्या ठरतील. हे ती कोणाला बोलली नव्हती, धनेशलाही नाही. धनेशने बोनस झाला तसा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, “तिचं काय ते कार्ड घेऊन टाक.” मग तो सेकंड शिफ्टला गेला. हल्ली तो सेकंड शिफ्टच मागून घ्यायचा.

शनिवारी दुपारी ती निघाली तेव्हा सासूबाई उंबऱ्यापाशी शिवत बसल्या होत्या. शेवंतीबाई पन्नास वर्षांपूर्वी मालवणाकडून लग्न होऊन गिरणगावात आल्या त्या इथेच राहिल्या, पण बोली त्यांनी गावचीच ठेवली. मांडीवर आकांक्षाचा दिवाळीचा फ्रॉक होता. खाली तीन बोटं दाब दुमडलेला.

“काय ता मशीनचा आणतंस ना, ता वाढत्या मापाचा घी गो,” त्या म्हणाल्या. “चेडवाक कायपण घेवचा तर वाढत्या मापाचा. आज ढगळ, उद्या बरोबर.”

“आजी, तो काय फ्रॉक आहे?” आतून आकांक्षा ओरडली.

“गप गो. माका शिकवतंस?”

ऋतिका हसली, चपला सरकवल्या आणि त्या तीन बोटांकडे न बघता निघाली. पेटीत असले पाच फ्रॉक होते. सासूबाईंनी घातलेला दाब दर वर्षी उसवायचा आणि फ्रॉक दोन बोटं खाली आणायचा ही या घरची रीत. गेल्या दोन वर्षांत एकही दाब उसवायची वेळ आली नव्हती. ते सासूबाईंच्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण त्या दाब घालतच होत्या.

लॅमिंग्टन रोडवरचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. गल्ल्यावर बसलेला माणूस हितेंद्रभाई, जन्म गिरगावातला, मराठी फर्डी, मध्येच हिंदीवर घसरणारी. त्याने चिठ्ठी वाचली, एक छोटा खोका काउंटरवर ठेवला.

“हे घ्या. चिठ्ठीत आहे तेच. कोणासाठी, मुलगा?”

“मुलगी. अकरा वर्षांची.”

“अरे वा! मग भाभी, हे कशाला? हे दोन वर्षांत रडणार.” त्याने मागे वळून दुसरा खोका काढला, चांगला पाटाएवढा. “हे बघा. तीन पंखे. पाच साल देखना नहीं पडेगा. पोरं मोठी होतात, गेम मोठे होतात. आज थोडं जास्त वाटेल, पण पुढचा विचार करा ना.”

पुढचा विचार. बाहेर कोणीतरी हातगाडीवरून हॉर्नवाल्याला शिव्या घालत होतं. ऋतिकाने दोन्ही खोके बघितले. छोट्या खोक्यावर हात ठेवला की आपण काहीतरी कबूल करतोय असं तिला वाटलं. अकरा वर्षांच्या मुलीसाठी दोनच वर्षांचं, तेवढंच बास, असं. बी.कॉम. झालेली बाई, बँकेचे फॉर्म चाळीतल्या निम्म्या बायकांना भरून देणारी. पण त्या घटकेला तिच्या डोळ्यांपुढे ना लांबी होती ना आठ जीबी, होती ती तीन बोटांची दुमड.

“ह्याने अडकायचं नक्की थांबेल ना?” तिने मोठ्या खोक्यावर बोट ठेवून विचारलं.

“थांबेल? अहो, हे लावल्यावर कॉम्प्युटरला दोषच देता येणार नाही.” हितेंद्रभाई आपल्याच विनोदावर खुलला. “मग अडकलं तर समजायचं, खेळणाऱ्याचा हात स्लो!”

ऋतिकाने पर्स उघडली. “द्या,” ती म्हणाली. “मोठंच द्या.”

रविवारी कल्पेश आला. त्याने कॉम्प्युटरची बाजूची पत्र्याची झडप काढली, नवं कार्ड हातात तोललं आणि आत धरलं. मग तिरकं धरून पाहिलं. मग मान खाजवली.

“वहिनी, हे बसत नाही.”

“म्हणजे?”

“दोन बोटं लांब आहे. आणि बसलं असतं तरी आपल्या पॉवर सप्लायला झेपणार नाही ते. चालू केल्या केल्या झोपेल. चिठ्ठी दिली होती ना तुला?”

“दिली होती,” आकांक्षा खुर्चीतून म्हणाली. “रेघपण मारली होती खाली. मम्मीने आजीचं ऐकलं.”

“वहिनी, दाब घालून आणलंस की काय?” कल्पेश हसला. आकांक्षाही खुदखुदली. शेवंतीबाई मात्र फणकारल्या, “तर तुझा डबडाच बारीक. मोठा आण.”

“काकी, डबडं मोठं आणायचं तर सगळंच नवं आणायला लागेल.”

ऋतिका सगळ्यांबरोबर हसली. मुलीने चांगलं पकडलं होतं तिला. पण खोका बंद करताना तिला जाणवलं, आपल्याला हायसं वाटतंय. आज काही कळणार नव्हतं. आणखी एक दिवस कॉम्प्युटरच म्हातारा राहणार होता.

सोमवारी हितेंद्रभाईने सील तुटलेला खोका उलटासुलटा करून बघितला, दोनदा च्यक् च्यक् केलं, पण बदलून दिलं.

“छोटं नेताय, नंतर बोलू नका. मुलगी मोठी होणार ना?”

“हो,” ऋतिका म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही. हेच बसतं.”

संध्याकाळी कल्पेश ऑफिसातून परस्पर आला. छोटं कार्ड खाचेत कट्कन बसलं, मोजून केल्यासारखं. धनेश कामावर, शेवंतीबाई खाटेवर, ऋतिका आकांक्षाच्या खुर्चीमागे उभी. पडदा उजळला.

“काका, तो आकडा लाव,” आकांक्षा म्हणाली.

“लावतो. वहिनी, वरच्या कोपऱ्यात बघत राहा. सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा आकडा. जुन्यावर बारा यायची. साठच्या वर गेली की लोण्यासारखं.”

आकडा आला. एकशे दहा.

आणि गेममधल्या चाळीत ऊन पडलं. आधी ती चाळ करड्या खोक्यांची रास दिसायची. आता कठड्याच्या गजांच्या सावल्या गॅलरीत आडव्या पसरल्या, पिंपळाची पानं हलली, उताराच्या एका भिंतीवर पिवळं, एका भिंतीवर निळसर. शेवंतीबाई खाटेवरून उठून आल्या आणि पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या.

“आपलीच गॅलरी गो ही! ह्यो आपलो नळ!”

“बाजूला हो ना आजी. वीट लावू दे.”

आकांक्षाचा हात माऊसवर गेला.

बाण निघाला. मध्ये कुठे थिजणं नाही, थरथरणं नाही. पडद्यावरचं सगळं झऱ्यासारखं वाहत होतं, आणि त्या वाहत्या चित्रातून बाण सरकत होता, हळू, फार हळू. विटेच्या जागेपाशी तो पोचला, जरा पुढे गेला, मागे आला, थांबला. आकांक्षाचं पहिलं बोट बटणावर होतं. ते वाकलं. काही झालं नाही. ते आणखी वाकलं, नखाखालचा भाग पांढरा पडला, खांदा कानाकडे चढला. आणि मग माऊसचा बारीकसा आवाज झाला, कट्. त्याच क्षणाला वीट लागली. दोन्हींच्या मध्ये केसाइतकंसुद्धा अंतर नव्हतं.

म्हणजे उशीर होत होता तो त्या कट्च्या अलीकडे.

ऋतिकाने कोपऱ्यात बघितलं. एकशे दहा.

दुसरी वीट. तसंच. तिसऱ्या विटेला बोट घसरलं आणि वीट भलतीकडे, हवेत लागली.

“अजून अडकतंय,” आकांक्षा म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

“छे गं, आता कसलं...” कल्पेशने आकड्याकडे बोट केलं. “हे काय, एकशे...” त्याने वळून ऋतिकाकडे पाहिलं आणि त्याचं बोट हवेतच राहिलं. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना ऋतिकाने पाहिलं. मग तो खाली वाकून उगाचच वायरी चाचपायला लागला. “ड्रायव्हरचं सॉफ्टवेअर जुनं असेल,” तो टेबलाखालून म्हणाला. “अपडेट टाकतो. कधीकधी होतं असं.”

“ड्रायव्हर कसलो?” शेवंतीबाई कडाडल्या. “मी तेव्हाच सांगितलंय, वाढत्या मापाचा घी म्हणान. आणलेला परत दिलंस, बारीक घेतलंस. आता झाला काय? बसली ना पोर अडकान?”

कल्पेश टेबलाखालून बाहेर आला नाही.

“हो आई,” ऋतिका म्हणाली. “चुकलंच माझं. मोठं घ्यायला हवं होतं.”

आकांक्षाने मान वळवून आईकडे पाहिलं. मान तिची अजून चांगली वळायची. ती बराच वेळ पाहत राहिली. वर्गात कोणी फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं आणि बाईंच्या ते लक्षात आलं नाही, की हुशार मुलं बघतात, तशी. चिठ्ठी तिनेच लिहिली होती. बारा म्हणजे काय आणि एकशे दहा म्हणजे काय, हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं.

मग ती पडद्याकडे वळली. तिने वीट लावायला घेतली नाही. बाण वरच्या कोपऱ्याकडे निघाला. नळावरून, कठड्यावरून, पिंपळाच्या शेंड्यावरून. वाटेत दोनदा थांबला. शेवंतीबाईंचं तोंड मिटलं. ऋतिकाचा हात आपोआप पुढे गेला, मुलीच्या मनगटाखाली आधार द्यायला, आणि तिने तो मागे घेतला.

यादी उघडली. बाण एक एक ओळ खाली उतरला, हव्या त्या ओळीवर थांबला. बोट वाकलं, आणखी वाकलं.

कट्.

कोपऱ्यातला आकडा गेला. तिथे आता नुसतं आभाळ होतं.

“आता बरंय,” आकांक्षा म्हणाली. “तो मध्ये मध्ये येत होता.”