टॅमरॅक फेरीची भट्टी

टॅमरॅक फेरी गावातलं रेडिओ स्टेशन ऑर्व्हिल मॅकएल्हेनी नावाच्या म्हाताऱ्याचं होतं. सकाळी डुकरांचे भाव, दुपारी पोल्का नाचाची गाणी, संध्याकाळी गावात कोण वारलं आणि दफन कुठल्या चर्चमध्ये, एवढाच त्याचा पसारा. ओहायो नदीच्या काठावर पोलादाचा कारखाना धूर ओकत असायचा, आणि तिथल्या माणसांना एवढं पुरेसं आहे अशी ऑर्व्हिलची पक्की समजूत होती.

बर्नडेट प्रोकॉप शाळा संपवून त्याच्याकडे फोन घ्यायला लागली. बाप कारखान्यात भट्टीवर, आई स्लोव्हाक लोकांच्या क्लबच्या स्वयंपाकघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, करायला. बर्नी हाडाने काटकुळी, आवाजाने घोगरी आणि तोंडाने फटकळ. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात एका शनिवारी पोल्कावाला निवेदक आपला अकॉर्डियन घेऊन एका लग्नात वाजवायला गेला, तिथेच भरपूर प्याला, आणि परत आलाच नाही. चालू रेकॉर्ड संपली. सुई नुसती खरखरत राहिली. बर्नी उठली, पिट्सबर्गहून आणलेली आपली रॉकची रेकॉर्ड पिशवीतून काढली आणि लावून दिली.

ऑर्व्हिल धापा टाकत जिना उतरला. "हे काय चाललंय?"

"गाणं."

"ह्याला गाणं म्हणतात?"

"मी म्हणते. तुम्हाला पटत नसेल तर फोन घ्या, लोकांनाच विचारा."

फोन वाजतच होता. पहिल्या बाईने दोघांचाही उद्धार केला. दुसरा माणूस भट्टीवरून बोलत होता: "परत लावा हो तेच! अख्खी पाळी ऐकतेय." तिसरा टायरवाला. ह्या गाण्यांच्या मध्ये जाहिरात द्यायची तर काय पडेल, हे त्याला हवं होतं. ऑर्व्हिलने टायरवाल्याचं नाव वहीत लिहून घेतलं आणि फोन ठेवला.

"दुपार तुझी," तो म्हणाला. "पण कोण वारलं ते वाचायचं. ते चुकवायचं नाही."

"वाचीन."

दोन-तीन वर्षांत पोल्का रविवारच्या सकाळपुरता उरला आणि बाकी सगळा दिवस रॉक झाला. स्टेशनचं नाव पडलं 'फर्नेस'. गावाची ती भट्टीच. सकाळी बोलायला व्हीलिंगहून लेस्टर डुबिक नावाचा जाडा, हसरा माणूस आणला. तो हवेवर स्वतःला 'डायनामाइट डुबी' म्हणवून घ्यायचा. बर्नी नुसती बर्नी प्रोकॉप.

"अगं, एखादं झणझणीत नाव घे," लेस्टर तिला म्हणायचा. "प्रोकॉप म्हणजे कसं, बटाट्याच्या पोत्यावर छापल्यासारखं वाटतं."

"माझ्या बापाचं नाव आहे ते. तुला जड जात असेल तर उच्चारू नकोस."

मग कारखाना बंद झाला. त्या दिवशी बर्नीने दुपारच्या सगळ्या जाहिराती बाजूला सारल्या आणि फोन उघडे ठेवले. माणसं बोलली. काहींनी शिव्या घातल्या, एकाला रडू आवरेना, आणि तिचा स्वतःचा बाप फोनवर एवढंच म्हणाला, "बर्नी, काहीतरी जोरात लाव." तिने लावलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मालकांकडून ऑर्व्हिलला दम आला, ह्या मुलीला आवरा. ऑर्व्हिलला तोवर एका कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं. त्याने फोन मुद्दाम त्याच कानाला लावला आणि त्यांचं बोलून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.

ऑर्व्हिल गेला तेव्हा त्याचं नाव बर्नीनेच वाचलं. स्टेशन जावयाकडे आलं. हा क्रेग माणूस वाईट नव्हता, पण गुळगुळीत कागद पाहिले की भाळायचा. अटलांटाहून आलेल्या एका सल्लागाराने त्याला तसले कागद दाखवले. गावातल्या बायकांना मऊ, शांत गाणी हवी आहेत, असं त्यांत निघत होतं.

"कुठल्या बायकांना विचारलंत?" बर्नी म्हणाली. "मी इथेच राहते. मला कुणी विचारलं नाही."

"तुम्ही आमच्या पाहणीच्या नमुन्यात नव्हतात," सल्लागार म्हणाला.

"मी कशातच बसत नाही, त्याला माझा इलाज नाही."

हुकूम आला: सोमवारपासून मऊ गाणी, आणि तोवर हवेवर अवाक्षर काढायचं नाही. लेस्टरने मान डोलावली. तो आता 'तुमचा लेस' होणार होता. बर्नी शुक्रवारी दुपारी माइकसमोर बसली आणि म्हणाली, "लोकहो, सोमवारी तुम्ही रेडिओ लावाल तेव्हा आम्ही इथे नसू. आम्हाला सांगितलंय, तुम्हाला सांगू नका. मी सांगतेय. ज्यांना राग आलाय त्यांनी क्रेगला फोन करा, त्याचं नाव फोनच्या पुस्तकात आहे." रेकॉर्ड संपायच्या आत तिची नोकरी गेली.

क्रेगच्या घरचा फोन आठवडाभर थांबला नाही. टायरवाल्याने जाहिरात काढली, मग पिझ्झावाल्याने, मग स्लोव्हाक क्लबने. बेकार झालेले भट्टीवाले स्टेशनच्या दाराशी खुर्च्या टाकून बसले आणि मांडीवरच्या टेपरेकॉर्डरवर रॉक वाजवू लागले. त्यांना दुसरं काम नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती. वर्ष उलटायच्या आत मऊ गाणी गेली आणि भट्टी परत आली. क्रेग स्वतः बर्नीच्या दारी आला. ती तेव्हा शाळेच्या खानावळीत वाढायला जात होती.

"परत ये," तो म्हणाला. "तुला काय हवं ते सांग."

"पुढच्या वेळी बदलशील तेव्हा निरोप मी घेणार. हवेवर. उघडपणे."

"पुढची वेळ येणारच नाही."

"येईल रे. तुझा चेहराच सांगतोय."

आलीच. दहा वर्षांनी टेक्सासच्या एका कंपनीने ह्या खोऱ्यातली सगळी स्टेशनं एका झटक्यात उचलली. क्रेगने तेवढा शब्द मात्र पाळला. सही करण्याआधी तिला एक दुपार दिली. तिने ती मनासारखी वाजवली आणि शेवटी म्हणाली, "हे आम्ही मिटवत नाही आहोत. ते मिटवत आहेत. लक्षात ठेवा." मग भट्टीची कंट्री झाली, म्हणजे गुराखी थाटाची गाणी. लेस्टर गुराख्याची खरोखरची टोपी घालून यायचा, जणू रेडिओवर ती दिसणार होती. पुढे कंट्री गेली आणि दिवसभर फुटबॉलवर आरडाओरडा करणारी माणसं आली. बर्नीला कंपनीने संध्याकाळच्या बातम्यांपुरतं ठेवलं, कारण मृत्यूच्या बातम्यांना दफनविधीवाले चांगले पैसे देत. शेवटी तेही बंद झालं. सगळं टेक्सासहून यायला लागलं. इमारतीत उरलं एक यंत्र, आणि आठवड्यातून दोनदा धूळ झटकायला जाणारा लेस्टर.

"लाज नाही वाटत?" बर्नीने त्याला दुकानात गाठून विचारलं.

"वाटते ना," लेस्टर म्हणाला. "पण बायकोच्या औषधांचा विमा ह्याच नोकरीवर आहे. लाज परवडायला हवी, बर्नी."

बर्नीने आपली पिशवी उचलली. घरी जाताना तिला स्वतःचाच राग आला.

त्यानंतरच्या सप्टेंबरात डोंगरात तुफान पाऊस पडला आणि रविवारी दुपारी बील्सचा ओढा गावात शिरला. खालच्या आळीतली वीज गेली, तिथले फोन बंद पडले. लोकांनी बॅटरीवरचे आणि गाडीतले रेडिओ लावले. त्यावर टेक्सासचा कुणीतरी फुटबॉलच्या सामन्यावर हसत होता. डोंगरातलं ओढ्यावरचं धरण कधीही फुटेल हे अग्निशमन दलाच्या प्रमुखाला ठाऊक होतं, पण त्याने स्टेशनला केलेला फोन रिकाम्या इमारतीत वाजत राहिला.

बर्नी चिखलातून लेस्टरच्या घरी पोचली. "किल्ली दे."

लेस्टर दारात तसाच उभा राहिला. त्याची बायको आतून म्हणाली, "अरे, दे ना तिला! माझी बहीण राहते खालच्या आळीत."

"देत नाही," लेस्टर म्हणाला, आणि कोट चढवला. "तुला ते यंत्र बंद करता येणार नाही. मीच येतो."

त्याने दार उघडलं, आत जाऊन टेक्सासची तार उपटली. गावभरचे रेडिओ क्षणभर मुके झाले. मग बर्नीचा घोगरा आवाज आला. "मी बर्नी प्रोकॉप बोलतेय. मिल स्ट्रीट, फेरी लेन, सेंट सिरिल चर्चच्या मागचा भाग, तुम्ही आत्ता उठा. सामान राहू दे. म्हाताऱ्यांना घ्या, कुत्र्यांना घ्या आणि वर शाळेकडे चला." प्रमुख धावत आला आणि तिच्या शेजारी बसून रस्ते सांगू लागला. लेस्टर बाहेर जाऊन जनित्रात डिझेल ओतून आला. कोण कुठे अडकलंय हे लोक येऊन खिडकीतून ओरडून सांगत आणि ती ते हवेवर सांगे. टेक्सासहून कंपनीचा माणूस लेस्टरच्या खिशातल्या फोनवर किंचाळला, "ही घुसखोरी आहे! ताबडतोब आमचा कार्यक्रम परत लावा!"

लेस्टरने डिझेलचा हात कोटाला पुसला. मग तो शांतपणे बोलला: "साहेब, इथे पाणी आलंय. तुमचा सामना नंतर लावतो." आणि फोन बंद केला.

धरण अंधार पडायच्या आत फुटलं. मिल स्ट्रीटवरची घरं वाहून गेली. घरांत कुणीही नव्हतं.

कंपनीने लेस्टरला काढून टाकलं आणि दोघांवर घुसखोरीची तक्रार केली. गावच्या न्यायाधीशबाईंनी ती ऐकली, स्वतःच्या बुटांवरचा वाळलेला चिखल पाहिला आणि तक्रार फेटाळली. मग कंपनीने गावावर सूड उगवला म्हणा, की हिशेब केला म्हणा, प्रक्षेपणाचा मनोरा उतरवून स्टेशनची रेडिओलहर मोठ्या शहराकडे नेली. टॅमरॅक फेरीच्या रेडिओवर त्या जागी नुसती खरखर उरली.

ती खरखर काही वर्षं टिकली. मग सरकारने लहान, कमी ताकदीच्या स्टेशनांसाठी परवाने खुले केले. स्लोव्हाक क्लबने अर्ज केला, बर्नीच्या नावाने. क्लबच्या छपरावर एक काठीएवढा अँटेना उभा राहिला. आवाज जेमतेम पुलापर्यंत आणि वरच्या कब्रस्तानापर्यंत पोचायचा. त्यांनी नाव ठेवलं 'फर्नेस'.

कंपनीच्या वकिलाचा फोन आला. ते नाव कंपनीच्या मालकीचं होतं.

"तुम्ही ते वापरता का?" बर्नीने विचारलं.

"वापरत नाही. पण मालकी आमची आहे."

"मग या आणि खटला भरा. पण इथेच भरा हं. निवाडा करायला पंच इथलेच बसतील. त्यांतल्या निम्म्यांना मी पुराच्या दिवशी घराबाहेर काढलंय."

वकिलाचा फोन पुन्हा आला नाही.

सकाळी लेस्टर बोलायचा, आता स्वतःच्या नावाने. बायको गेली तेव्हा तिचं नाव त्याला वाचवेना, म्हणून बर्नीने वाचलं. दुपार बर्नीची. नव्या पोरापोरींच्या रॉकवर लेस्टर कुरकुरायचा, ह्याला गाणं म्हणतात का म्हणून. बर्नी आवाज आणखी वाढवायची.

गेल्या वसंतात एक गोड बोलणारा माणूस क्लबमध्ये आला. बर्नीचा आवाज संगणकावर घेऊन ठेवू, असं त्याचं म्हणणं होतं. मग ती दमली, आजारी पडली, अगदी देवाघरी गेली तरी दुपारचा कार्यक्रम तिच्याच आवाजात चालू राहील. ऐकणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

"कळणार नाही?" बर्नीने विचारलं.

"अजिबात नाही, मॅडम."

"मी मेले की गावाला कळलं पाहिजे. गावात कोण वारलं हे आम्ही सांगतो इथे, लपवत नाही." तिने हेडफोन कानावर चढवले. "माझ्या जागी कुणी जिवंत माणूस बसेल. नाही मिळाला तर खुर्ची रिकामी राहील. तुम्ही तेवढं दार लावून घ्या, बाहेरचा आवाज आत येतो."

तो आणखी काहीतरी सांगू पाहत होता. बर्नीने हाताने त्याला बाजूला केलं, माइक जवळ ओढला आणि गावाला दुपारचा नमस्कार केला.