बोटभर उंच

"शेपूट अजून सरकतंय," असं म्हणून नेस्टाबाईंनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "डाव्या वळणावर. उजव्या वळणावर नाही."

महिन्याभरातली ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला इद्वल प्रिचर्डने मागच्या चाकांच्या सांध्यांतले रबरी बुश बदलले होते, दुसऱ्या खेपेला दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर. दोन्ही वेळा गाडी स्वतः खिंडीपर्यंत पळवून आणली होती. तीस वर्षांची, बुटकी, दोन माणसांपुरती हिरवी स्पोर्ट्स गाडी त्याच्या हाताखाली सुतासारखी सरळ चालली होती.

"बाई, गाडीत काही नाही हो."

"म्हणजे माझ्यात आहे."

सातव्या वर्षी याच बाईंनी इद्वलला वजाबाकी शिकवली होती. आता तो एकोणसाठ वर्षांचा होता, तरी त्यांच्यासमोर त्याचे हात आपोआप पाठीमागे जात.

"आलुनला फोनवर काय सांगितलंस?"

"त्यानं विचारलं, आईची गाडी कशी आहे. मी म्हटलं, ठणठणीत."

"छान. रविवारी तो गाडीला गिऱ्हाईक घेऊन येतोय. गाडी ठणठणीत, तरी आई वळणावर घसरते. म्हणजे आईचं वय झालं, तिनं आता चालवणं सोडावं. एवढं गणित माझ्या मुलाला येतं. माझ्याच वर्गात होता तो."

बाईंचे यजमान गेथिन जाऊन सात महिने झाले होते. ते असेपर्यंत गाडी तेच चालवत, आणि बाई शेजारी बसून चुका काढत. आता बाई चालवत होत्या. त्यांचं घर वर डोंगरात. खाली गावात बस यायची ती आठवड्यातून दोनदा, तीही ड्रायव्हरच्या मर्जीनं.

"तू वळणावर जाऊन उभा राहा," बाई म्हणाल्या. "मी चालवते. तू नुसता बघ."

पस्तीस वर्षांत इद्वलने हे कधी केलं नव्हतं. गाडी आपण चालवायची आणि आपल्या बुडाला काय कळतं ते बघायचं, ही त्याची पद्धत. गिऱ्हाइकाचं म्हणणं तो चॅपलमधल्या प्रवचनासारखं ऐके. म्हणजे मान हलवी, आणि मनात दुसरंच काही चाललेलं असे.

गॅरेजच्या वर, चॅपलपाशी रस्ता डावीकडे वळतो. इद्वल तिथल्या दगडी भिंतीला टेकून उभा राहिला. हिरवी गाडी खालून आली, वळणात शिरली आणि तिचं शेपूट बाहेरच्या बाजूला चांगलं वीतभर सरकलं. बाईंचे हात किंचित उलटे फिरले, गाडी रेषेत आली आणि वर गेली. ब्रेकचा दिवा लागला नाही. इद्वलच्या लक्षात आलं, की आपण भिंतीपासून सुटून ताठ उभे राहिलो आहोत.

"सरकलं?" परत आल्यावर बाईंनी काच खाली केली.

"सरकलं. पण तुम्ही झकास सावरलंत."

"प्रगतिपुस्तकात लिही तसं."

मग इद्वलने गाडी घेतली. तेच वळण, तोच वेग. काही नाही. पुन्हा एकदा. काही नाही. गाडी जणू त्याच्यासमोर शहाण्यासारखी वागत होती आणि बाईंना छळत होती.

गॅरेजच्या सपाट फरशीवर रिकामी गाडी उभी करून तो तिच्या मागे कष्टानं उकिडवा बसला. मग टेप काढून त्यानं फरशीपासून चाकावरच्या कमानीपर्यंत मोजलं. उजवी बाजू, म्हणजे ड्रायव्हरची, डावीपेक्षा बोटभर उंच.

"स्टिअरिंग सरळ करून बघतो," म्हणत तो आत बसला.

बाईंनी टेप उचलला. ज्याचं उत्तर आलंय त्याचं गणितही त्या तपासून बघत.

"इद्वल, आता दोन्हीकडे सारखं आहे."

"असं कसं होईल?"

"उतर बरं. हं, वर आली. आता बस. सारखं." बाई उभ्या राहिल्या. "तुझं वजन किती?"

"बाई, हे आता..."

"प्रश्न विचारलाय मी."

"एकशे अठरा किलो."

"आणि गेथिनचं?"

"माझ्याहून जरा जास्तच." चॅपलच्या कॉयरमध्ये खालच्या पट्टीतल्या गायकांना एक बाक होतं. त्यावर हे दोघे बसले, की तिसऱ्याला उभ्यानं गावं लागे.

"माझं एकावन्न," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. वर्गातल्या शेवटच्या बाकावर उजेड पडेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती.

उजेड पडला. कोणीतरी गाडीचा तो कोपरा एका जाडजूड माणसाच्या मापानं उचलून ठेवला होता. हलकं माणूस बसलं की तो कोपरा उंचच राही, डाव्या वळणावर मागचा सगळा भार त्या एका चाकावर येई आणि ते घसरे. आणि गेथिनच्या वजनाचा इद्वल दर वेळी स्वतः बसून गाडीला निर्दोष ठरवून येत होता.

त्यानं गाडी जॅकवर घेतली. आधीच्या दोन्ही खेपांना स्प्रिंगला हात लावायची गरज पडली नव्हती. आता ती काढल्यावर वर, चिखलाखाली, एक पांढरी प्लॅस्टिकची चकती निघाली. बोटभर जाड, हातकरवतीनं गोल कापलेली, मध्ये भोक. फडक्यानं पुसली तर तिच्यावर सुरीचे असंख्य चरे.

बाईंनी चष्मा लावला.

"हा माझा पाव कापायचा बोर्ड आहे."

"बोर्ड?"

"नऊ वर्षांपूर्वीचा. गेथिन मला म्हणाला, तडकला, फेकून दिला, नवा आणतो. मी अजून ताटलीवर पाव कापतेय."

"माझ्याकडे यायचं ना. मी व्यवस्थित मापाची..."

"तुझ्याकडे कशाला येईल? गाडी गेथिनच्या बाजूला झुकते, हे तू रविवारच्या आत कॉयरभर केलं असतंस."

इद्वलने विचार करून पाहिला. केलं असतं.

चकतीशिवाय त्यानं स्प्रिंग बसवली, चाक लावलं, हात पुसले आणि कोणी न सांगता फोन उचलला.

"आलुन? इद्वल बोलतोय, गॅरेजातून. परवा मी सांगितलं ते चुकलं. दोष गाडीतच होता. मलाच दिसला नाही... नाही, आईंचं चालवणं मी वळणावर उभं राहून बघितलंय. तुझ्याहून बरं आहे... ते गिऱ्हाइकाचं तुझं तू बघ."

हे चालू असताना बाई भिंतीवरचं टायरवाल्याचं कॅलेंडर वाचत होत्या. पान मार्चचं होतं, महिना सप्टेंबर.

मग त्या गाडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. रिकामी गाडी दोन्हीकडे सारखी उभी होती.

"तो उतरला की ती या बाजूनं वर यायची," बाई म्हणाल्या. "मी चिडवायचे, बघ, हुश्श करतेय."

बाईंनी चकती रुमालात गुंडाळली. पर्समध्ये मावली असती, पण त्यांनी ती शेजारच्या, डाव्या सीटवर ठेवली, आपली सीट पुढे ओढली आणि निघाल्या.

इद्वल दारात उभा राहिला. तिथून चॅपलचं वळण दिसतं. हिरवी गाडी वेग कमी न करता डावीकडे वळली. मागचे दोन्ही लाल दिवे एका उंचीवर होते, तसेच ते भिंतीआड गेले.

आवाज वर खिंडीकडे विरेपर्यंत तो तिथेच होता, हात पाठीमागे बांधून.