एक-एकचा घोळ

मी बोलतोय. की बोलतेय? माझा घोळ इथूनच सुरू होतो. ज्या कारागिराने मला भट्टीत भाजून काढलं, तो मला 'पीस' म्हणायचा, म्हणजे मी 'तो'. डॉक्टरीणबाई 'व्हिनियर' म्हणतात, म्हणजे मी 'ते'. आणि जिच्या तोंडात मी राहतो, ती ताई मला 'टिकली' म्हणते. असो. तूर्त 'बोलतोय' म्हणून वेळ मारून नेतो.

मी आहे नखाएवढा. दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचं चिनी मातीचं पातळ टरफल. खालचा दात कसाही असो, वरून तो देखणा दिसावा एवढंच माझं काम. हे काम मला नीट जमलं की नाही, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

ताई वीज कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर बोलते. तिचा आवाज असा, की लाइट गेली म्हणून तावातावाने भांडायला आलेला माणूसही "बरं, बघा जरा" म्हणून फोन ठेवतो. लहानपणी ती पायरीवरून पडली आणि वरचा एक दात काळवंडला. तेव्हापासून ती ओठ मिटूनच हसते. फोनवर ते कुणाला दिसत नव्हतं. पण साहेबांनी सांगितलं, पुढच्या महिन्यापासून खिडकीवर बसायचं, लोकांसमोर. ताई नवऱ्याला घेऊन दातांच्या दवाखान्यात गेली.

हे सगळं मला नंतर कळलं. एखाद्याच्या तोंडातच बिऱ्हाड केल्यावर काय काय कळत नाही!

दवाखान्यात बाहेर बसलेल्या मुलीने वरच्या आठ दातांचा खर्च सांगितला, तेव्हा ताईची दातखीळच बसली. नवरा हळूच म्हणाला, "अगं, एवढ्यात आपलं अख्खं घर रंगवून होईल." दोघं उठणारच होती, तेवढ्यात आतून बोलावणं आलं. डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासलं आणि मदतनीस मुलीला म्हणाल्या, "लिही, एक-एक. हाच करायचा."

ताईला देव पावल्यासारखं झालं. बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, किती समजूतदार आहेत डॉक्टर! एक-एक दात करू म्हणाल्या. एक झाला की थांबायचं, हातात पैसे आले की दुसरा."

"मग जमवू की," नवरा म्हणाला. "होऊन जाऊ दे."

मग रंग ठरवायचा होता. डॉक्टरीणबाईंनी नमुन्याच्या दातांची पट्टी पुढे धरली. ताईने टोकाच्या, सगळ्यात पांढऱ्याशुभ्र दातावर बोट ठेवलं.

"इतका पांढरा? बाकीच्यांशी जुळणार नाही हं."

"जुळेल की. पुढचे असेच करायचेत."

ताईचे 'पुढचे' म्हणजे यानंतरचे. डॉक्टरीणबाईंचे 'पुढचे' म्हणजे समोरचे. त्यांना वाटलं, ताई नंतर औषधाने सगळे दात उजळून घेणार. दोघींनी समाधानाने माना डोलावल्या, आणि त्या माना डोलावण्यातून माझा जन्म झाला.

मला चिकटवलं आणि आरसा समोर धरला. ताई बघतच राहिली. मीही. दोन्हीकडचे शेजारी चहाच्या रंगाचे, आणि मध्ये मी चुना फासल्यासारखा. घरी नवऱ्याने मला जवळून पाहिलं, मग दाराशी जाऊन पाहिलं. मग म्हणाला, "छान आहे. म्हणजे... दिसतो लांबून."

ऑफिसात तर कहरच झाला. लोक ताईच्या डोळ्यांत बघायचे सोडून माझ्याकडे बघू लागले. पूर्वी ती निदान बोलताना तरी ओठ उघडायची, आता तेही तोलूनमापून. मी तिचं तोंड उघडायला आलो होतो, आणि माझ्यामुळेच ते बंद झालं. यात माझं काय चुकलं? मला जसं सांगितलं, तसाच तर मी झालो होतो. तरी वाईट वाटायचं ते वाटायचंच.

खिडकीवर बसायचा दिवस जवळ आला, तशी ताई धास्तावून दुसऱ्या दातासाठी दवाखान्यात गेली.

"दुसरा?" डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "दुसऱ्याला काय झालंय?"

"तुम्हीच म्हणालात ना, एक-एक करू?"

"मी? कधी?" त्या आठवू लागल्या, आणि एकदम कपाळावर हात मारला. "अहो ताई, ते दाताचं नाव आहे! तोंडाचे आम्ही चार भाग करतो. पहिल्या भागातला पहिला दात, तो एक-एक. मी फक्त हा दात म्हणत होते."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे ठणठणीत आहेत. त्यांना कशाला हात लावायचा?"

"पण बाहेर आठ सांगितले होते..."

"ते विचारणाऱ्या सगळ्यांनाच सांगतात. तुम्हाला एकच पुरे."

ताई खुर्चीत उठून बसली. मला वाटलं, आता भांडण होणार. पण तिचा आवाज अगदी बारीक झाला. "म्हणजे इतकी वर्षं माझा एकच दात वाईट होता?"

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. औषधाने बाकीचे दात माझ्याइतके उजळायचे, किंवा मला घासून काढून शेजाऱ्यांच्या रंगाचा नवा बसवायचा. "घोळ निम्मा माझाही आहे. नव्याचे पैसे मी घेणार नाही."

मी जीव मुठीत धरून ऐकत होतो. मला मूठ नाही, हे त्या घाईत लक्षातच आलं नाही.

"माझे दात आहेत तसेच राहू देत," ताई म्हणाली. "हाच बदला."

मला राग यायला हवा होता. पण परतताना ती बाहेर थांबलेल्या नवऱ्याला एक-एकचा खरा अर्थ सांगू लागली, आणि भर रस्त्यात दोघं पोट धरून हसली. ओठ मिटायचं ती विसरूनच गेली. वारा पहिल्यांदाच माझ्या अंगाला लागला. मला आनंद झाला की रडू आलं, कोण जाणे.

आज मी शेवटचं बोलतोय. ताई खुर्चीत आहे, दिवा माझ्यावरच रोखलाय, आणि यंत्राची घरघर सुरू झालीय. माझ्या जागी जो येईल, त्याच्याकडे कुणाचंही लक्ष जाऊ नये, एवढंच मागणं आहे.

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाई विचारताहेत. ताई मान हलवून नाही म्हणतेय. मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं असतं, तरी काय सांगावं ते मला कळलं नसतं.