मुखवट्याआडचं हसू

आमच्या डेड्झा भागातली पोरं मोबाईलवर नाचाच्या फिल्मा करतात. त्यातल्या बऱ्या निवडायच्या, कापून-जोडून शाळेच्या भिंतीवर दाखवायच्या, हे माझं काम. काम फुकटचं आणि शिव्या मात्र रोख!

यंदाची सगळ्यात चांगली फिल्म लिंबिकानीची. मुखवटा घालून नाचलेला तोच. ती फिल्म माझ्याकडे देऊन तो जोहान्सबर्गला खाणीत कामाला गेला आणि खाण कोसळून तिथेच गाडला गेला. प्रेतसुद्धा आलं नाही. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

फिल्मच्या शेवटी मात्र त्याने मुखवटा काढला होता आणि घामाने निथळत तो हसला होता.

आमच्यात मुखवट्याआड माणूस नसतो, जनावर असतं. बायकांनी तसंच म्हणायचं आणि नाचणाऱ्यांनी तोंड न दाखवण्याची शपथ घ्यायची. त्यामुळे नाचाचे म्होरके झकालियाबाबा मला दम देऊन गेले, "शेवट काप. नुसता कापू नकोस, पुसून टाक. नाहीतर तुझी भिंत बंद."

कापला. पुसला नाही. मेल्या पोराचं तोंड पुसायला माझा हात धजेना.

फिल्म लागली तेव्हा त्याची आई, नाम्वाले मावशी, अगदी पुढे बसली होती. जनावराचा डावा पाय ठेक्याला जरा मागे राहत होता. लहानपणी चुलीत भाजलेला तो पाय तिला ओळखू येणार नाही तर कुणाला? सगळ्या बाया तिच्याकडेच बघत होत्या.

ती एवढंच म्हणाली, "जनावर चांगलं पोसलंय कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन तिच्या अंगणात गेलो. ती मका पाखडत होती.

"मावशी, पुढचा तुकडा आहे माझ्याकडे. त्यात त्याचं तोंड दिसतंय."

"कुणाचं?"

"असं काय करतेस? बाबांना कळणार नाही."

"बाबा गेले खड्ड्यात!" तिचं सूप थांबलं. "शपथ माझ्या लेकाने घेतली होती. तिकडे त्याला माती द्यायला आपलं कुणी नव्हतं. आता आईनेच त्याची शपथ मोडायची? पुस ते."

"एकदा बघ तरी गं."

तिने पाठ फिरवली. "पुस म्हटलं ना!"

पुसलं. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, तरी पुसलं.

"झालं?"

"झालं."

पाठमोरीच ती पुन्हा मका पाखडू लागली. मग हळूच म्हणाली, "हसत होता का रे?"