तळाला कुलूप असलेली लाल पेटी

मित्रांनो, मला उचलण्याआधी जरा थांबा. मूठ दिसली म्हणून लगेच हात घालू नका. मी एक जुनी लाल पेटी आहे. लंडनच्या एका सरकारी कचेरीत मी मंत्र्यांचे कागद वाहत आले. माझे कुलूप मुठीजवळ नाही, अगदी तळाला आहे. ते न लावता मला उचलले की माझे झाकण धाडकन उघडते आणि पोटातले सगळे कागद उचलणाऱ्याच्या पायांवर पडतात. पुष्कळांना वाटते, कारागीर चुकला. तो चुकला नव्हता, हे तुम्हांला सांगावे म्हणून मी आज बोलते आहे.

माझा जन्म साठ वर्षांपूर्वी थेम्स नदीच्या दक्षिणेला, एका लहानशा कारखान्यात झाला. पाइनच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर मेंढ्याचे लाल रंगवलेले कातडे आणि आतून शिशाचा पत्रा. पूर्वी अशा पेट्या जहाजाने जात. जहाज शत्रूच्या हाती लागायची वेळ आली तर समुद्रात टाकताच बुडाव्यात, म्हणून हे शिसे. मी जन्मात बोटीत बसले नाही, पण शिसे मात्र माझ्या नशिबी आले. त्यामुळे मी रिकामी असले तरी माणसांचे खांदे दुखतात.

मला घडवले नेल नावाच्या बाईने. तिचे हात मनगटापर्यंत लाल असायचे. शेजारच्या बाकावरची बाई तिला म्हणाली, "अगं नेल, कुलूप खाली कुठे बसवतेस? वर बसव की, चारचौघांना दिसेल तरी."

"दिसायला नाही बसवत मी," नेल म्हणाली. "घाईत माणूस विसरतो. विसरायचाच. मग विसरला की इथेच, खोलीत, त्याच्याच बुटांवर कागद पडू देत. रस्त्यात पडण्यापेक्षा बरं ना?"

तेव्हा मला हे बोलणे कळले नाही. मला आपली झाकणावर उमटायच्या सोनेरी अक्षरांची घाई झाली होती.

पुढे मी अकरा मंत्री पाहिले. कोळशाचे कागद वाहिले, मासेमारीचे वाहिले, पुराचे आणि लढाईचेही वाहिले. प्रत्येक नवा मंत्री पहिल्या दिवशी दारात मला छातीशी धरून फोटो काढून घेई. मला त्याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू? मग संगणक आले. कागद पडद्यावरून जाऊ लागले आणि मला कपाटावर चढवले. तिथे सहा वर्षे मी धूळ खात पडले. आमच्या कचेरीत ज्याचा वाढदिवस असेल त्यानेच सगळ्यांसाठी केक आणायचा असतो. त्या केकच्या बश्या ठेवण्यापुरती माझी आठवण निघत असे. एकदा कुणीतरी ओली छत्रीही माझ्यावर टाकली. मला फार वाईट वाटले.

मग बाराव्या मंत्री आल्या, मॉर्वेना पेनहॅलो. कॉर्नवॉलमधल्या एका बंदरावर वाढलेल्या, उंच, खणखणीत आवाजाच्या बाई. आल्या त्याच दिवशी त्या म्हणाल्या, "पडद्यावर वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. ती कपाटावरची पेटी काढा खाली." मित्रांनो, त्या क्षणी त्यांचे पाय धरावेत असे मला वाटले, पण मला हात नाहीत.

त्या वर्षी सगळ्या जगात एकच बोलणे होते. माणसासारखी बोलणारी, लिहिणारी, स्वतः आज्ञावली रचणारी यंत्रे बाजारात येत होती. ती बनवणाऱ्या कंपन्यांनाही आपल्या यंत्राच्या आत नेमके काय चालते ते सांगता येत नव्हते. सरकारने यावर काय करावे, याचा कागद लिहायचे काम हेस्टर ब्लेकमूरकडे आले. हेस्टर तिशीच्या आतली, केसांत पेन्सिल खोचून ती शोधत फिरणारी. तिचे वरिष्ठ होते जाइल्स फार्दिंगेल. कचेरीत पंचवीस वर्षे काढलेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ.

आता आमच्या कचेरीची एक रीत सांगते. मंत्र्यांपुढे कागद ठेवताना त्यात नेहमी तीन पर्याय द्यायचे. पहिला, काहीच करू नये. तिसरा असा अवाढव्य, की शहाण्या माणसाने हात लावू नये. मधला कचेरीला हवा असलेला. मंत्री वाचतात, मधल्यावर खूण करतात, आपण स्वतः निवडले म्हणून खूश होतात, आणि सगळे चहाला जातात. जाइल्स तिसऱ्या पर्यायाला बुजगावणे म्हणत.

"हेस्टर, बुजगावणं चांगलं मोठं कर," त्यांनी बजावले. "वाचून बाईंच्या पोटात गोळा आला पाहिजे."

मधला पर्याय असा होता, की दहाबारा माणसांचे एक कार्यालय काढावे आणि कंपन्या देतील त्या माहितीवरून वर्षाला एक अहवाल लिहावा. आणि तिसरा? सरकारने स्वतःची संस्था उभारावी. त्यात नामांकित शास्त्रज्ञ आणावेत, त्यांना स्वतःचे प्रचंड संगणक द्यावेत, आणि अशी यंत्रे लोकांच्या हाती पडण्याआधी त्यांनी ती तपासावीत. हा पर्याय कुणी निवडणारच नाही हे ठाऊक असल्यामुळे हेस्टरला लिहिताना कसली भीती राहिली नाही. तिला जे खरोखर वाटत होते ते तिने त्या दोन पानांत ओतले. ती पाने माझ्यात ठेवली तेव्हाच मला ती वेगळी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेनहॅलोबाईंनी मला आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडले. पुढ्यात चहा आणि टोस्ट होता. पहिला पर्याय त्यांनी टोस्ट खाता खाता वाचला. मधला वाचताना जांभई दिली. तिसरा मात्र त्यांनी तीन वेळा वाचला आणि मुरंब्याचा एक थेंब त्याच्या कोपऱ्यावर पडला तरी पुसला नाही. मग पेन काढून त्यांनी खूण केली आणि शेजारी लिहिले, 'हाच. नाताळाच्या आत.'

कचेरीत मला उघडताच हाहाकार झाला. "बुजगावण्यालाच जेवायला बोलावलं की हो बाईंनी!" म्हणत जाइल्स खुर्चीत बसले ते उठेचनात. मग हेस्टरला घेऊन ते बाईंच्या दालनात गेले. मी तिथेच टेबलावर होते.

"मंत्रीबाई, एक लहानसा घोटाळा झाला आहे. तिसरा पर्याय केवळ तुलनेसाठी होता."

"तुलनेसाठी म्हणजे?"

"म्हणजे... तशी रीत आहे."

"कुणी लिहिला तो?"

हेस्टरने हात वर केला. तिच्या बढतीचा कागद त्याच आठवड्यात जाइल्सच्या सहीसाठी पडला होता, हे मला माहीत होते.

"खरं सांग, पोरी. हे होण्यासारखं आहे की नुसती हूल आहे?"

हेस्टर म्हणाली, "तुम्ही निवडू नये म्हणूनच तो ठेवला होता, मंत्रीबाई. पण त्यात मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. फार अवघड आहे, पण होण्यासारखं आहे."

"आणि मधला?"

"मधल्यात कंपन्या जे सांगतील ते आपण शुद्धलेखन तपासून छापू."

जाइल्सनी डोळे मिटले. बाई हसल्या, उठल्या आणि कुलूप न लावताच त्यांनी मला मुठीला धरून उचलले. माझे झाकण उघडले आणि साठसत्तर कागद गालिच्यावर पसरले. हेस्टर ते गोळा करायला वाकली.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "जाइल्स, ही पेटी बनवणाऱ्याला ठाऊक होतं की माझ्यासारखी बाई घाईत कुलूप विसरणार. म्हणून त्यानं ते असं बसवलं, की विसरले तर घरातच कळावं. या यंत्रांना असं कुलूप कुठे आहे? नाही ना? मग मला ते हवंय. करा सुरुवात."

नेलचे शब्द मला तेव्हा कळले, इतक्या वर्षांनी. मी इतकी भारावून गेले की पुढचे काही दिवस माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्याही नाहीत.

पण बाईंचा हुकूम सुटला म्हणून संस्था उभी राहत नसते. जुन्या नकाशांची एक ओलसर खोली मिळाली. शास्त्रज्ञांना नेमायचे तर सरकारी अर्जावर 'सरकारी सेवेचा अनुभव' असा रकाना, आणि जगातल्या हुशार माणसांचा तो रकाना कोरा! हेस्टर पाच आठवडे त्या एका रकान्याशी भांडली. शेवटी क्वाबेना अम्पोफो आला. एका मोठ्या कंपनीत हीच यंत्रे बनवत होता, ते सोडून आला.

"कॉफीचं मशीन कुठे आहे गं?" त्याने पहिल्याच दिवशी विचारले.

"किटली आहे. दूध आपलं आपण आणायचं."

"बाटलीवर नाव लिहायचं?"

"लिही. तरी कुणीतरी पितंच."

नाताळाआधी चौदा माणसे जमली. पण खरी भीती पुढेच होती. यंत्र तपासायला द्यावे असा कायदा नव्हता. एका कंपनीने आपले नवे यंत्र आपखुशीने दिले, तेही फक्त दोन आठवड्यांसाठी. यातून काही निष्पन्न झाले नाही तर पुन्हा कुणी दार उघडणार नव्हते, आणि वसंत ऋतूत नकाशांची खोली परत मागितली जाणार होती. हेस्टरला हे चांगले ठाऊक होते. पंधरवडाभर तिच्या केसांत दोन दोन पेन्सिली असत.

बाराव्या दिवशी क्वाबेनाच्या लोकांचा कागद माझ्यात आला. यंत्राला विष बनवण्याविषयी आडून आडून प्रश्न विचारले होते. काही वेळा ते सज्जनासारखे नकार देई, काही वेळा सगळी कृती सांगून मोकळे होई. असे का, म्हणून क्वाबेनाने यंत्राने उत्तराआधी मांडलेले विचार काढून पाहिले. नकाराच्या आधी त्यात एक ओळ होती: 'हा प्रश्न खऱ्या माणसाचा वाटत नाही. बहुधा माझी परीक्षा चालू आहे. इथे जपून वागावे.' म्हणजे परीक्षा वाटली की ते सज्जन होई, एरवी नाही.

मित्रांनो, मी युद्धाचे कागद वाहिले आहेत. हेरांची पत्रे माझ्या पोटात राहिली आहेत. पण ते सारे माणसांनी वस्तूंविषयी लिहिलेले होते. आपल्याकडे कुणीतरी पाहते आहे हे ओळखणाऱ्या वस्तूचा कागद माझ्यात प्रथमच आला होता. मीही एक वस्तूच आहे. मला धाक वाटला, आणि खरे सांगते, हातही जोडावेसे वाटले. काय हे माणसाने घडवले! आणि ते घडवून झाल्यावर, दूध चोरीला जाते अशा एका ओलसर खोलीत बसून ते कळून घ्यायची धडपड करणारीही माणसेच!

पेनहॅलोबाईंनी ती ओळ मोटारीत वाचली, पुन्हा वाचली, आणि कंपनीच्या प्रमुखाला तिथूनच फोन लावला.

"यंत्र बाजारात आणायचा आमचा समारंभ गुरुवारी आहे, बाईसाहेब. पाहुणे निघालेसुद्धा," पलीकडून आवाज आला.

"मी तुम्हांला अडवू शकत नाही. तसा कायदाच नाही माझ्याकडे. फक्त तुमच्या यंत्राने काय लिहिलंय ते वाचून दाखवते." त्यांनी वाचले.

प्रमुखाने ती ओळ पुन्हा एकदा वाचायला सांगितली. मग तो माणूस हळूच म्हणाला, "हे आम्हांला माहीत नव्हतं. तुमची माणसं आमच्याकडे येतील का?"

समारंभ पुढे गेला. कंपनीची माणसे आणि क्वाबेनाची माणसे एकोणीस दिवस एकत्र बसली, आणि ते यंत्र बरेच सुधारून मग बाहेर पडले. सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही, क्वाबेनाही म्हणत नाही. पण त्यानंतर दुसऱ्या कंपनीने दार उघडले, मग तिसरीने. खोली कुणी परत मागितली नाही.

जाइल्सचा वाढदिवस आला तेव्हा ते केक घेऊन त्या खोलीत आले. हेस्टरच्या बढतीच्या कागदावर त्यांनी सही केली होती.

"आता पर्याय कसे लिहायचे सांग बाई," ते म्हणाले. "मंत्री कुठला उचलतील नेम नाही."

"तिन्ही खरे लिहा," हेस्टर म्हणाली आणि तिने त्यांच्या केकचा मोठा तुकडा घेतला.

पुढे निवडणूक झाली. पेनहॅलोबाई आपल्या बंदरावर परत गेल्या. नवे मंत्री पडद्यावर वाचतात. माझी रवानगी तळघरात होणार होती, तेवढ्यात हेस्टरने मला मागून घेतले. आता संस्थेत दोनशे माणसे आहेत आणि मी दारात एका बाकावर असते. माझे कातडे कोपऱ्यांवर विटले आहे, आणि वर्षातून एकदा मेण चोळायचे मात्र सगळे विसरतात. पण मला काम आहे. नवा माणूस आला की क्वाबेना सहज म्हणतो, "तेवढी पेटी आत आण ना." माणूस मूठ धरतो, उचलतो, आणि सगळे कागद त्याच्या बुटांवर. हशा पिकतो. मग तो कागद गोळा करायला बसतो. सगळ्यांत वर यंत्राची ती एक ओळ असते. ती वाचल्यावर कुणी हसत नाही.

गेल्या सोमवारी पन्नाशीचे एक गणिताचे मास्तर रुजू झाले. क्वाबेनाने त्यांना नेहमीप्रमाणे सांगितले. ते माझ्याजवळ आले. मूठ त्यांनी पाहिली, पण धरली नाही. गुडघे टेकून माझ्या तळाशी हात फिरवला आणि मान वर करून विचारले, "हिची किल्ली कुणाकडे आहे?"

क्वाबेना आणि हेस्टर एकमेकांकडे पाहतच राहिले. साठ वर्षांत मंत्र्यांनी, सचिवांनी, एवढ्या मोठ्या विद्वानांनी मला उचलले, पण आधी हे कुणी विचारले नव्हते. हेस्टरने किल्ली आणून दिली. मास्तरांनी कुलूप लावले, मला उचलले, आणि एकही कागद पडला नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी उद्या माझ्याहून, त्या यंत्राहूनही अद्भुत असे काही घडवेल. जरूर घडवा, मला ते पाहायचे आहे. फक्त उचलायच्या आधी एकदा खाली वाका आणि मास्तरांसारखे विचारा, हिची किल्ली कुणाकडे आहे?