नकाशातली येनझरी रिठी

मित्रांनो, सारा तालुका माझ्यात मावतो, पण मला शाळेत जागा मिळत नाही. मी एक जुना नकाशा आहे. जाड कागदाचा, मागून कापड लावलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला. आज मी शाळेच्या ऑफिसात कपाटावर गुंडाळून पडलो आहे. माझ्या एका बाजूला मोडकी घंटा आहे आणि दुसऱ्या बाजूला खिचडीचा फुटका गंज, म्हणजे पातेलं. खाली माणसं येतात, बोलतात, जातात. वर कोणी बघत नाही.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. एका बाजूनं वर्धा, दुसऱ्या बाजूनं वैनगंगा, मध्ये हिरवं जंगल, लाल रस्ते आणि काळ्या ठिपक्यांची गावं. ज्यांनी मला काढलं त्यांनी यातलं एकही गाव पाहिलेलं नव्हतं. जुन्या नोंदी समोर ठेवून त्यांनी नावं बसवली. नोंद जशी, तसा मी. पुढे एसटीच्या टपावरून मी गोंडपिपरी तालुक्यातल्या या शाळेत आलो, आणि पहिल्या दिवशी मुलांनी माझ्याभोवती नुसती झुंबड उडवली. प्रत्येकाला आपलं गाव शोधायचं होतं. मोठ्या गावांवर इतकी बोटं फिरली की त्यांची नावं पुसट झाली. काही गावांना कोणाचं बोट लागलंच नाही. ती आजही नुकती छापल्यासारखी करकरीत आहेत.

थाट फार टिकला नाही. मित्रांनो, भूगोल हा दहावीत मार्कांचा विषय आहे, बघण्याचा नाही, हे मला लवकरच कळलं. मुलं ब्राझीलचं हवामान धडाधडा म्हणत. शाळेमागच्या नाल्याचं नाव विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघत. क्षेत्रभेट नावाचा धडा तर सर खुर्चीत बसून वाचून दाखवायचे. मग गाइडमधून समुद्रकिनाऱ्याच्या भेटीचा अहवाल सांगायचे आणि मुलं तो उतरवून घ्यायची. 'आम्ही पहाटे खाऱ्या वाऱ्याचा अनुभव घेतला,' असं त्या मुलांनी लिहिलं. त्यांनी समुद्र सिनेमात पाहिला होता. त्या अहवालाला पैकीच्या पैकी मार्क पडले. त्या काळात माझ्या खालच्या दांडीनं एक साप मारला गेला, आणि एका पावसाळ्यात मला फुटक्या खिडकीला बांधलं होतं.

मग मुश्ताक सर आले. ते चंद्रपूर शहरातले. त्यांनी मला खिडकीवरून सोडवलं, कणकेची खळ करून माझे फाटलेले कोपरे जोडले आणि नववीच्या वर्गात नीट टांगलं. त्यांचे दोन नियम होते. आधी बोट ठेवायचं, मग बोलायचं. आणि गावाचं नाव नकाशात जसं आहे तसंच लिहायचं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. मुलं घरी बोलतात तशी नावं लिहीत, म्हणून त्यांनी हा नियम केला होता. नियम चांगला होता. त्यानंच पुढे घात केला.

नववीत रंजीता नावाची मुलगी होती. वर्गात तिला सगळे 'रिठीची रंजी' म्हणत. तिचं गाव मोठ्या नाल्यापलीकडे जंगलाच्या कडेला होतं. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती एकटीच माझ्यासमोर उभी राहिली. तिनं नाल्याच्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं आणि रेघेबरोबर हळूहळू वर सरकली. माझ्या त्या कोपऱ्याला आजवर कोणाचं बोट लागलं नव्हतं. तिथे बारीक अक्षरांत छापलं होतं, येनझरी रिठी.

ती धावत जाऊन सरांना घेऊन आली. आपलं गाव छापलेलं आहे, याचा तिला इतका आनंद झाला होता की तिला नीट बोलता येईना. सरांनीही शाबासकी दिली. आमच्याकडे गावांच्या नावापुढे चक असतं, माल असतं, तुकूम असतं. त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही. रिठीचाही सरांनी विचारला नाही. येनझरीची माणसं तर स्वतःला अभिमानानं रिठीवाले म्हणत. मला अर्थ ठाऊक होता, पण नकाशाला तोंड नसतं.

त्या वर्षी हिवाळ्यात सरांनी खरीखुरी क्षेत्रभेट काढली. अख्खा वर्ग पायी येनझरीला निघाला. मी गुंडाळी होऊन सरांच्या खांद्यावर होतो. नाल्यावर पूल नाही. मुलांनी चपला हातात घेतल्या. पलीकडे मूठभर घरं, एक बोडी, तिच्या पाण्यावर धानाच्या बांध्या आणि मोहाची झाडं. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, आणि बांधी म्हणजे भाताचं खाचर. मुलांनी पावलं मोजून घरं कागदावर मांडली, बोडीची कड काढली, कोणत्या बाजूनं उतार आहे ते पाणी सोडून बघितलं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा नकाशा जन्माला येताना पाहिला.

माणसांना विचारायला मुलांनी प्रश्नावली केली होती. रंजीताच्या वाट्याला तिचीच आजी आली, धुरपताबाई. रंजीतानं कागद समोर धरला आणि अगदी सरांच्या आवाजात पहिला प्रश्न विचारला, आपलं नाव काय?

"काऊन वं रंजे," आजी म्हणाली, "माह्यं नाव तुले मालूम नाई का? शाळेत जाऊन येडी झाली का तू?"

सारं अंगण हसलं. सरही हसले. मित्रांनो, तेवढा दिवस मला चांगला आठवतो. दुसरा तसा आला नाही.

परत निघताना रंजीताचे वडील, लटारूभाऊ, सरांना नाल्यापर्यंत सोडायला आले. काठावर त्यांनी वाघाचे पंजे दाखवले. मागच्या आठवड्यात इथूनच एक गाय गेली होती. या वाटेनं पोरगी रोज येते-जाते.

"सर, पोरगी हुशार हाये, मले दिसते," ते म्हणाले. "पर दहावीले बस आली तं शिकन. नाई तं नाई. मी तिले वाघाच्या तोंडात नाई देत."

त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. मुलींसाठी फुकट बस असते आणि ती फेरा घेऊन पलीकडच्या रस्त्यानं येनझरीला येऊ शकते, हे सरांना माहीत होतं. त्यांनी ठरवलं की या क्षेत्रभेटीचा अहवाल वहीत पडून राहणार नाही. तोच बससाठी अर्ज म्हणून जाईल. वर्गानं काढलेला नकाशा त्याला जोडला. अर्ज रंजीतानं लिहिला, कारण अक्षर तिचं चांगलं आणि गरजही तिची. सगळ्यात वर तिनं गावाचं नाव ठळक लिहिलं. सरांचा नियम तिनं मोडला नाही. माझ्याकडे बघून अक्षर न् अक्षर उतरवलं.

रंजीता दहावीत गेली. मला तेव्हा हेडमास्तरांच्या ऑफिसात टांगलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. बसचे साहेब आले, चहा प्यायले आणि अर्ज टेबलावर टाकून हसायला लागले.

"रिठीत बस मागून राह्यले का सर तुमी?" त्यांनी विचारलं. "रिठी म्हणजे उजाड गाव. लोक सोडून गेले, नाव राह्यलं. तिथी बसमध्ये बसन कोन? भुतं?"

हेडमास्तर मोठ्यानं हसले. मुश्ताक सरांचा चेहरा उतरला. त्यांनी रंजीताला बोलावून घेतलं. ती दारातच उभी राहिली.

"साहेब, आमी तिथीच राह्यतो ना," ती म्हणाली.

"मग हे कोनं लिवलं?"

"मीच."

"झालं तर," साहेब म्हणाले. "तूच लिहून राह्यली की गाव उजाड हाये. हा भिंतीवरचा नकाशा बी तेच सांगते. आमच्या कागदात बी तेच हाये. मी काय करू, बाई?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं होतं. मित्रांनो, माझ्यात शेकडो गोष्टी बरोबर लिहिल्या आहेत. नदी कुठे वळते, जंगल कुठे संपतं, रस्ता कुठे तुटतो. त्या मला कोणी कधी विचारल्या नाहीत. एक गोष्ट चुकीची होती. तिच्यावर मात्र साऱ्यांनी विश्वास ठेवला. समोर हाडामांसाची पोरगी उभी होती आणि माणसं भिंतीकडे बघत होती.

नंतर लटारूभाऊंनी सरांना सांगितलं की फार जुन्या काळी मानमोडीच्या तापाची साथ आली, माणसं मेली, उरलेली गाव सोडून गेली. पुढे बोडीच्या पाण्यासाठी काही घरं परत आली. माणसं परतली, पण नोंद परतली नाही. सर मग हट्टाला पेटले. जाऊन डोळ्यांनी बघा, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. शेवटी पाहणी करू, असं वरून कळवण्यात आलं. कधी करणार, ते नाही कळवलं.

धान निघेपर्यंत लटारूभाऊ कुऱ्हाड खांद्यावर घेऊन पोरीला नाला पार करून देत होते. धान निघाल्यावर दरवर्षीसारखी येनझरी मिरची तोडायला तेलंगणात निघाली. हातपाय चालणारं प्रत्येक माणूस गेलं. आजीजवळ राहते, म्हणून रंजीता हट्ट धरून बसली होती. पण तिला नाल्यावर सोडायला मागे होतं कोण? तीही टेम्पोत बसली. जाताना तिनं सरांना निरोप धाडला की पुस्तकं सोबत घेतली आहेत आणि परीक्षेआधी येईन.

पाहणी नेमकी तेव्हाच आली. जीप नाल्याच्या अलीकडेच थांबली. तिथून कुलपं दिसली, बंद दारं दिसली. धुरपताबाई घरामागे उन्हात बसली होती. तिनं गाडीचा आवाज ऐकला होता. पुढे सर भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "मले वाटलं जंगलवाले हायेत, सरपनाची झडती घ्यायले आले. म्हनून गप बसून राह्यलो." जीप वळली. पाहणीचं उत्तर हेडमास्तरांनी ऑफिसात वाचून दाखवलं, त्यात एकच ओळ होती. प्रत्यक्ष पाहणीत गाव ओसाड आढळले.

मुश्ताक सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग त्यांनी ब्लेड काढलं. रिठी हा शब्द खरवडून टाकायचा त्यांचा विचार होता. हेडमास्तरांनी हात धरला. शाळेची मालमत्ता आहे, खाडाखोड चालणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मला खिडकीला बांधलं होतं तेव्हा मी कोणाची मालमत्ता होतो, हे मला अजून कळलेलं नाही. परीक्षेच्या आधीच सर जास्तीचे शिक्षक ठरले आणि दूरच्या शाळेत गेले. मी कपाटावर गेलो. क्षेत्रभेटीत मुलांनी काढलेला नकाशा कुठे गेला, ते मलाही माहीत नाही.

मिरचीचा हंगाम लांबला. रंजीता परतली तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. मे महिन्यात ती वडिलांबरोबर शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. मी वरून पाहिलं. मिरचीनं तिच्या बोटांची सालं निघाली होती, म्हणून ती सही करताना पेन दोन बोटांच्या टोकांत धरत होती. ऑफिसातल्या कारकून बाबूंनी गाव विचारलं.

"निसतं येनझरी लिवा," ती म्हणाली.

"रेकॉर्डवर आहे तेच लिहावं लागते, बाई."

बाबूंनी लिहिलं ते तिनं वाचलं, कागदाची घडी केली आणि वडिलांच्या मागून ऑफिसाबाहेर पडली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपली काळजी घ्या म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. मला उंदरांनी खाल्लं तरी चालेल. पण तुम्ही भूगोल शिकाल तेव्हा माझ्यासारख्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नकाशात जिथे ओसाड लिहिलं असेल, तिथे चपला हातात घेऊन नाला पार करा. कुलपं दिसली तर घराच्या मागच्या बाजूला जाऊन हाक मारा. आणि कोणी म्हातारी बाहेर आली, तर ती काय सांगते ते आधी लिहून घ्या. मग नकाशा उघडा.