नाही म्हणू द्यायचं नाही

लादिस्लाव तोमिंत्स यांनी छत्तीस वर्षं ल्युब्ल्यानातल्या एका वर्तमानपत्राची मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाल्यावर घरातली माणसं तपासायला घेतली. थोरला मुलगा तेव्हापासून फक्त पोस्टकार्डं पाठवतो, तीही एक अक्षर न लिहिता.

त्यामुळे धाकटी मुलगी नेझा रविवारी आपल्या प्रियकराला, सिल्वानला, जेवायला घेऊन आली तेव्हा दारातच म्हणाली, "बाबा, याचं एक वाक्य जरी दुरुस्त केलंत, तर माझं रविवारचं येणं बंद."

"मी काय वेडा आहे?" तोमिंत्स म्हणाले. त्यांची बायको झदेन्का सूप आणायला आत गेली.

सूप आलं. सिल्वान कोपर शहराच्या बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तो नम्रपणे म्हणाला, "मला सूप नको, काका."

आता स्लोव्हेनियन भाषेत नकार आला की कर्माने द्वितीया सोडून मुकाट्याने षष्ठीत जाऊन बसायचं असतं. सिल्वानचं सूप द्वितीयेतून हललंच नव्हतं. तोमिंत्सांनी स्वतःच्या तोंडात सूपमधल्या शेवया कोंबल्या.

"बटाटेपण नकोत."

बटाटेही द्वितीयेत.

तोमिंत्सांनी विचार केला. पोराचे होकार निर्दोष होते, घाण होती ती नकारांत. म्हणजे त्याला नाही म्हणायची सवडच मिळता कामा नये. ते उठले.

"बटाटे आवडतात ना?"

"हो, पण..."

"मग झालं." ताट भरलं. पाठोपाठ भाजलेलं मांस, सॅलड, अक्रोड घातलेल्या पोतित्सा केकच्या तीन जाड फोडी. सिल्वानचं तोंड उघडलं की आत काहीतरी जात होतं.

"तुझ्या भावालासुद्धा बाबांनी कधी असं वाढलं नव्हतं," झदेन्का लेकीच्या कानात म्हणाली.

कॉफीपर्यंत सिल्वानने पट्टा दोन भोकं सैल केला होता. त्याचे डोळे भरून आले होते. "काका, इतकी माया मला कुणी लावली नाही. वरचा मजला तुम्ही मुलांसाठी बांधलाय म्हणे. मी आधी तयार नव्हतो. पण आता येतोच राहायला."

मायासुद्धा द्वितीयेत होती. नेझाने बापाच्या गळ्यात हात टाकले. तोमिंत्सांना पुढची वीस वर्षं दिसली, न्याहारीपासून.

"वर स्वयंपाकघर आहे हं वेगळं," झदेन्का म्हणाली.

"छे, वेगळं स्वयंपाकघर नको," सिल्वान म्हणाला. "आपण सगळे इथेच जेवू."

तोमिंत्सांनी सुरी उचलली आणि त्याच्या ताटात पोतित्साची चौथी फोड ठेवली.